मत्स्यपेटी : शौक कीं जबाबदारी ?

काचेच्या पेटींत मासे पाळण्याचा शौक गेल्या कांहीं वर्षांत मोठ्या शहरांतून निघाला, तो तालुक्याच्या गांवांवरून आमच्या राणीसावरगांवासारख्या गांवापर्यंत येऊन पोंचला आहे. गंगाखेडास, परभणीस किंवा लातुरास कामासाठीं गेलेला मनुष्य परततांना प्लास्टिकच्या पिशवींत दोन रंगीत मासे घेऊन येतो. ते गोल काचेच्या भांड्यांत सोडून तें भांडें दिवाणखान्यांतील फळीवर अथवा दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवण्यांत येतें. चार दिवस घरांतील मुलें त्याभोंवतीं जमतात. आठव्या-दहाव्या दिवशीं मासे उताणे तरंगूं लागले कीं, 'पाणी मानवलें नाहीं' किंवा 'मासेच कच्चे निघाले' असा निकाल देऊन भांडें माळ्यावर जातें, नाहींतर त्यांत दुसरे दोन मासे येतात. ह्या शौकास आमचा विरोध नाहीं. तो ज्या रीतीनें बहुधा चालविला जातो त्या रीतीस आमचा विरोध आहे. आणि तो कां, हें प्रस्तुत लेखांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. आमच्याकडील घरांत पाळण्यास कोणते मासे योग्य असतील तर ते बोटाएवढे, शांत स्वभावाचे व कळपानें राहणारे मासे होत. परंतु जो प्राणी स्वभावानेंच कळपाचा, त्यास एकटा किंवा दुकटा ठेवणें म्हणजे त्यास अर्धें मारणें होय. एका जातीचे निदान सहा मासे, त्यांस पोहण्यास पुरेल एवढी लांब पेटी, आणि मासे आणण्यापूर्वीं तयार केलेलें पाणी, ह्या तीन गोष्टी ज्यास देतां येतील त्यानें खुशाल मासे पाळावे. ज्यास त्या देतां येत नसतील त्यानें ही हौस बाजूस ठेवावी. पेटी घराच्या शोभेसाठीं आणली असली, तरी एकदां तींत जीव सोडला म्हणजे ती त्या जिवाचें घर होते, आणि घराचा विचार आंत राहणाऱ्याच्या सोयीनें करावयाचा असतो.

प्रथम कळपाचा विचार करूं. ओढ्याच्या स्वच्छ डोहाशीं क्षणभर निश्चल उभें राहिलें असतां लहान माशांचा समुदाय एकदम एका बाजूस वळलेला दिसतो. त्यांत पुढारी कोणी नसतो, आज्ञा कोणी देत नाहीं. तरी शंभर मासे एकाच अंगानें वळतात. हें साधतें तें दोन साधनांनीं. एक डोळा, आणि दुसरें, अंगाच्या दोन्ही बाजूंनीं कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली पार्श्वरेषा नांवाची संवेदनशील रेघ. शेजारचा मासा हलला कीं पाण्यांत जो सूक्ष्म धक्का उत्पन्न होतो, तो ह्या रेषेंतील पेशींस कळतो. ह्या रचनेचा हेतु जिवाचें रक्षण हा आहे. एकट्या माशावर शत्रूची नजर ठरते ; शंभर चकाकणाऱ्या अंगांच्या गर्दींत ती ठरत नाहीं. शिवाय शंभर माशांचे डोळे दोनशें असतात, आणि एकानें शत्रु पाहिला कीं सर्वांस तो पाहिल्यासारखाच होतो. ज्यास दांत नाहींत, कांटा नाहीं, विष नाहीं, अशा दुबळ्या जिवास निसर्गानें दिलेलें एकमेव शस्त्र म्हणजे त्याचे सोबती.

तें शस्त्र आपण काढून घेतों तेव्हां काय होतें, हें निरखून पाहणाऱ्यास दिसतें. एकटा पडलेला मासा पेटीच्या कोपऱ्यांत किंवा तळाशीं दबून राहतो. त्याचा रंग फिका पडतो. टाकलेलें अन्न तो घेत नाहीं, अथवा सावली पडतांच दचकून काचेवर आदळतो. शत्रु तेथें नसतो हें खरें, पण तें त्या माशास कसें कळावें ? त्याच्या प्रकृतीस एवढेंच ठाऊक कीं, सोबती दिसत नाहींत त्या अर्थीं संकट जवळ आहे. असा जीव लवकर रोगास बळी पडतो. उलट तोच मासा आपल्या जातीच्या सात-आठ जणांत सोडला, तर तो पेटीच्या मध्यभागीं येतो, रंग धरतो, आणि ज्या हालचालींसाठीं आपण त्यास आणिलें त्या हालचाली करूं लागतो. तात्पर्य, माशाचें हित व पाहणाऱ्याचा आनंद ह्यांत येथें विरोध नाहीं.

दुकानांत जाऊन 'एक लाल, एक पिंवळा, एक पट्ट्यांचा' अशी मागणी करणें ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत आहे, आणि विकणाराही ती बिनतक्रार पुरवितो. परंतु निरनिराळ्या जातींचे तीन मासे एका पेटींत सोडल्यानें कळप होत नाहीं ; भाषा न समजणारे तीन प्रवासी एका डब्यांत बसावे तसें तें होतें. 'झेब्रा' नांवाच्या पट्ट्यांच्या माशावर प्रयोग करणाऱ्यांस २००४ सालीं असें आढळून आलें कीं, लहानपणीं ज्या रूपाच्या सोबत्यांत तो वाढतो, त्याच रूपाचे सोबती तो पुढें पसंत करतो. तेव्हां 'माशास काय कळतें' हें म्हणणें आतां टिकणारें नाहीं. त्याच सुमारास, २००३ सालीं, ट्राउट माशाच्या तोंडाभोंवतीं वेदना ग्रहण करणारे तंतु असल्याचें इंग्लंड-स्कॉटलंडमधील संशोधकांनीं दाखविलें. युरोपांत ह्याचा विचार कायद्यांतही उतरला आहे. रोम शहरानें २००५ सालीं गोल भांड्यांत मासे ठेवण्यास बंदी केली. स्वित्झर्लंडच्या २००८ सालच्या नियमांप्रमाणें शोभेच्या माशांची पेटी चोहों बाजूंनीं पारदर्शक असूं नये, म्हणजे माशास पाठ टेकण्यास एक तरी आडोसा असावा. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हां होवो. पेटीची मागची बाजू कागदानें झांकण्यास कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं.

कोणी म्हणेल, मासे पाळणें हें पाश्चात्यांचें खूळ आहे, आपणांस त्याचें काय ? काचेची पेटी पाश्चात्य खरी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि आपल्या मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें सुरू झालें. परंतु माशांकडे लक्षपूर्वक पाहणें आपणांस नवें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें एक प्रकरण आहे. त्यांत माशांच्या जाती व त्यांचें खाद्य ह्यांचें वर्णन केलेलें आहे. त्या विनोदाचा शेवट गळाच्या टोंकाशीं होत असे ही गोष्ट निराळी. पुढें कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या नद्यांतील माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां शास्त्रीय नांवें देतांना त्यानें येथील लोकांच्या तोंडचे शब्द घेतले. शिंगटी व मळ्या हीं आपल्या कोळ्यांचीं नांवें लॅटिन नांवांत जाऊन बसलीं व आज जगभर तशींच छापलीं जातात. ज्यांच्या पूर्वजांनीं माशांस नांवें दिलीं, त्यांच्या मुलांस आज फक्त दुकानांतील पिशवींतला मासा ओळखतां यावा, ही स्थिति आम्हांस शोचनीय वाटते.

आतां राणीसावरगांवच्या परिसरास कोणता मासा मानवेल तें पाहूं. आमच्याकडे कूपनलिकेचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं व साबणास फेस येत नाहीं. उन्हाळ्यांत पारा चाळिसांच्या वर जातो. ह्या दोन गोष्टी विसरून केलेली निवड माशांच्या जिवावर बेतते. निळ्या-तांबड्या रेघेचा 'निऑन टेट्रा' हा मासा दुकानांत सर्वांचें लक्ष वेधून घेतो. तो स्वभावानें अत्यंत शांत व कळपाचा आहे. परंतु त्याचें मूळ स्थान दक्षिण अमेरिकेंतील अमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यांत, पाला कुजून काळसर झालेल्या, अगदीं हलक्या पाण्यांत आहे. आज विकले जाणारे बहुतेक निऑन माणसाच्या देखरेखीखालीं वाढलेले असल्यामुळें थोडें वेगळें पाणी ते सोसतात. तथापि आमचें जड पाणी व मे महिन्याचा उष्मा हीं दोन्ही मिळून त्यांस भारी पडतात.

त्याऐवजीं आपल्याच देशांतील मासे घ्यावेत. वर उल्लेखिलेला झेब्रा मासा गंगेच्या व पूर्वेकडील नद्यांच्या खोऱ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालीं त्याचें वर्णन केलें. लांबी चार-पांच सेंटिमीटर, अंगावर निळे आडवे पट्टे, आणि दिवसभर चाललेली धांवपळ ! भातशेतांतल्या उथळ पाण्यापासून ओढ्यांपर्यंत तो राहतो. म्हणून थंडी, ऊन व जड पाणी हीं तो पुष्कळ प्रमाणांत सोसतो. ह्याच चिमुकल्या माशावर आज जगभरच्या प्रयोगशाळा अवलंबून आहेत. त्याचें अंडें व गर्भ पारदर्शक असल्यामुळें हृदय कसें बनतें, रक्त कसें वाहूं लागतें, हें सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष दिसतें. त्याची संपूर्ण जनुकमाला २०१३ सालीं प्रसिद्ध झाली, आणि माणसाच्या शंभर जनुकांपैकीं सुमारें सत्तर जनुकांस ह्या माशांत जोडीदार आहे असें ठरलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतही त्यावर अभ्यास चालतो. ज्या माशापुढें मोठमोठे पंडित बसतात तो आपल्या विद्यार्थ्यास दहा-वीस रुपयांत मिळूं शकतो, हें केवढें भाग्य !

त्याहून जवळचे मासे पाहिजे असतील तर ते आपल्या ओढ्यांतच आहेत. कल्ल्यामागें एक व शेपटीजवळ एक असे दोन काळे ठिपके मिरविणारा रुपेरी 'टिक्टो', तोंडापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ असलेला सडपातळ 'रास्बोरा', असे कळपाचे मासे भारतांतील लहान ओढ्यांत व तळ्यांत दूरवर पसरलेले आहेत. फाल्गुन-चैत्रांत ओढ्याचे डोह आटूं लागले म्हणजे उरलेल्या चिखलांत हजारों मासे तडफडून मरतात, किंवा बगळ्यांच्या मुखीं पडतात. अशा आटत्या डोहांतून एका जातीचे सहा-आठ मासे उचलल्यानें ओढ्याचें कांहीं नुकसान होत नाहीं. मात्र ते आणल्यावर दोन-तीन आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवून निरखावेत, कारण रानांतले मासे रोग व जंतु बरोबर आणूं शकतात. आणि दुर्मिळ जात कोणती, विपुल कोणती, हें ठाऊक असल्याखेरीज हात घालूं नये. केरळ व दक्षिण कर्नाटकाच्या घाटांतील नद्यांत 'डेनिसन' नांवाचा तांबड्या-काळ्या रेघेचा एक अत्यंत देखणा कळपाचा मासा आहे. त्याच्या देखणेपणामुळेंच परदेशच्या बाजारासाठीं तो इतका पकडला गेला कीं, आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. शौकाला माप नसलें म्हणजे तो नदीही रिकामी करतो.

मासे ठरले, आतां पाणी. बहुतेक पेट्यांतील मृत्यूंचें कारण येथें आहे आणि तें डोळ्यांस दिसत नाहीं. मासा श्वास घेतो त्याच कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. नदींत तो वाहून जातो. पेटींत साठतो, व थोड्या प्रमाणांतही माशास विषासारखा बाधतो. निसर्गांत ह्या विषाचा बंदोबस्त दोन प्रकारचे सूक्ष्म जंतु करतात. एक अमोनियाचें नायट्राइट करतो, तेंही विषारीच. दुसरा नायट्राइटचें नायट्रेट करतो, आणि तें पुष्कळ सौम्य असून वनस्पतींचें खत आहे. हे जंतु वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. परंतु ती वस्ती पुरती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नव्या स्वच्छ काचेंत, नव्या स्वच्छ पाण्यांत, त्याच दिवशीं आणलेले मासे आठवड्याच्या सुमारास कां मरतात, ह्याचें उत्तर हेंच. तें पाणी स्वच्छ दिसतें, परंतु अजून जिवंत झालेलें नसतें.

म्हणून पेटी प्रथम महिनाभर माशांविना चालवावी. त्यांत वाळू, कांहीं पाणवनस्पति व हवेचा पंप असावा. रोज चिमूटभर माशांचें खाद्य टाकावें, म्हणजे तें कुजून जंतूंस अन्न मिळतें. नळाच्या पाण्यांत ब्लीचिंग पावडर असते. तें पाणी उघड्या भांड्यांत एक-दोन दिवस ठेवून मग वापरावें. महिन्यानंतर प्रथम तीन-चार मासे व आठवड्यानंतर उरलेले सोडावेत. गाळणीचा स्पंज नळाखालीं कधींही धुऊं नये. पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलकेच पिळावा, नाहींतर महिन्याची मेहनत मोरींत वाहून जाते. अन्न दोन मिनिटांत संपेल इतकेंच घालावें. आमच्याकडे पाहुण्यास आग्रह करण्याची चाल आहे, ती माशांच्या बाबतींत सोडावी. उपाशी राहून मेलेल्या माशांपेक्षां उरलेल्या अन्नानें नासलेल्या पाण्यांत मेलेले मासेच अधिक.

उष्म्याचा विचार स्वतंत्र करावा लागतो. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत मावणारा प्राणवायु कमी होतो. वीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळतो, तर तीस अंशांस तो साडेसातांवर येतो. त्यांत वीज गेली व पंप थांबला म्हणजे संकट दुणावतें. ह्यास उपाय तीन. मासे थोडे ठेवावेत. पेटी उंच न घेतां लांब व रुंद घ्यावी, कारण हवा पाण्यांत शिरते ती वरच्या पृष्ठभागांतून. आणि ती उन्हाच्या खिडकीपासून दूर, घराच्या थंड कोपऱ्यांत ठेवावी. पेटीच्या बाहेरून ओला फडका गुंडाळला तरी पाणी कांहीं अंशीं थंड राहतें. आमच्या आया-आज्यांनीं पाण्याच्या घागरीस जें केलें तेंच येथें करावयाचें आहे. गोल भांडें कां नको, हेंही ह्यावरून ध्यानांत येईल. गळ्यापर्यंत भरलेल्या गोल भांड्यास हवेसाठीं उघडें तोंड बशीएवढेंही उरत नाहीं.

येथें एक गंभीर आक्षेप येतो, व तो आमच्या भागांतील प्रत्येक विचारी मनुष्य घेईल. ज्या मराठवाड्यानें १९७२ चा दुष्काळ सोसला, ज्याच्या शेजारच्या लातूर शहरास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथें काचेच्या पेटींत पाणी भरून मासे खेळवीत बसणें शोभतें काय ? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाहीं. म्हणून हिशेबच करूं. साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद पेटींत तीस सेंटिमीटर पाणी भरलें, तर तें ५४ लिटर होतें. दर आठवड्यास त्याचा पांचवा हिस्सा बदलावयाचा म्हणजे सुमारें ११ लिटर, साधारण एक घागर. महिन्याचें झालें ४५ लिटरांच्या आंतबाहेर. तितकें पाणी मोठा वाळ्याचा कूलर मे महिन्याच्या एका दिवसांतच पिऊन टाकतो. शिवाय कूलरचें पाणी हवेंत जातें. पेटींतून काढलेलें पाणी नायट्रेटयुक्त असल्यामुळें तुळशीस, कढीलिंबास किंवा परसांतील वांग्यांस घातल्यास तें पाणीही होतें व खतही. ज्या घरीं पाण्याचा टँकर पाहून हंडे मांडावे लागतात तेथें पेटी नसावी, हें आम्ही निःसंकोचपणें म्हणतों. माणसाची तहान प्रथम. परंतु जेथें ही घागर निघूं शकते, तेथें ती उधळपट्टी ठरत नाहीं. उलट आम्हांस तर असें वाटतें कीं, ज्या मुलानें वर्षभर ५४ लिटर पाणी जिवंत ठेवलें त्यास पाण्याची किंमत नुसत्या सुविचारानें शिकवावी लागणार नाहीं.

दुसरा आक्षेप नीतीचा. स्वतंत्र जीव काचेंत कोंडण्याचा अधिकार आपणांस दिला कोणी ? हा आक्षेप घेणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर आहे. मोठे, लांब प्रवास करणारे किंवा रानांतून ओरबाडून आणलेले दुर्मिळ मासे घरांत ठेवूं नयेत, ह्या बाबतींत आम्ही पूर्णपणें त्यांच्या बाजूचे आहों. परंतु हातभर डबक्यांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या, दोन-तीन वर्षांच्या आयुष्याच्या चिमुकल्या माशास सोबती, आडोसा, अन्न व स्वच्छ पाणी दिलें, तर त्याचें जीवन ओढ्यांतल्यापेक्षां वाईट असतें असें म्हणतां येत नाहीं. त्या चार गोष्टी न देणें हाच खरा तुरुंग होय. गाय गोठ्यांत बांधणारा शेतकरी तिच्या वैरणीचें व पाण्याचें उत्तरदायित्व पत्करतो म्हणून तो निर्दोष. बांधून जो विसरतो तो दोषी. पेटीचा न्यायही तोच.

एक धोका मात्र असा आहे कीं, तो आपल्या घरापुरता राहत नाहीं. कंटाळा आला म्हणजे, किंवा मासे वाढले म्हणजे, 'जीव वांचेल' अशा भूतदयेनें लोक ते ओढ्यांत, विहिरींत अथवा नदींत सोडून देतात. ही दया नव्हे. पेटींतील शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा, कठीण खवल्यांचा परदेशी 'सकर' मासा उजनीच्या जलाशयांत पोंचून तेथील मासेमारांची जाळीं फाडूं लागला आहे. डांसांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आरोग्यखातें पुष्कळ वर्षें पाण्याच्या टांक्यांत सोडीत आलें आहे, व बंद टांक्यांत त्यांचा उपयोगही होतो. परंतु ते दक्षिण अमेरिकेचे रहिवासी आहेत. त्यांचाच भाईबंद गॅम्बुसिया हा अमेरिकेंतील मासा १९२८ सालीं भारतांत आणला गेला. हे दोन्ही मासे अळ्यांबरोबर इतर माशांचीं अंडीं व पिलें खातात. म्हणून आमचें सांगणें असें कीं, पेटींतला मासा पेटींतच जगावा, किंवा दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडे जावा. ओढ्याकडे त्यानें कधींही जाऊं नये ; तेथून आणलेला असला तरी नाहीं, कारण दुकानच्या माशांचा रोग तो बरोबर घेऊन जाईल. मासोळ्यांनीं भरलेली गोदावरी गंगाखेडावरून वाहते, तिच्या पात्रांत आपण काय सोडतों ह्याचा जाब तिच्या कांठच्या सर्व गांवांस द्यावयाचा आहे.

शेवटीं, आमच्या विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. तुमच्यापैकीं ज्यास हा शौक करावासा वाटत असेल त्यानें प्रथम माशांचें दुकान न पाहतां ओढा पाहावा. तेथें कळप कसा वळतो, कोणत्या खोलींत राहतो, सावली पडतांच कोठें दडतो, हें एक पावसाळाभर पाहून वहींत लिहावें. त्यानंतर पेटी आणावी. महिनाभर ती रिकामी चालवावी, आणि तेवढा धीर आपणांस निघतो कीं नाहीं ह्याची परीक्षा करावी. ज्यास माशांविना पेटी महिनाभर सांभाळतां आली त्यास मासेही सांभाळतां येतील. मग एका जातीचे सहा-आठ मासे आणावेत, झांकण घालावें, कारण झेब्रा उडी मारतो, आणि रोज सकाळीं त्यांची मोजदाद करावी. रोज मोजणारा मनुष्य सातवा मासा कोपऱ्यांत गेला हें त्याच दिवशीं जाणतो. न मोजणाऱ्यास तो उताणा झाल्यावरच कळतो.

गायीस हंबरतां येतें, कुत्र्यास भुंकतां येतें, पोपट पिंजऱ्याचे गज चावून आपली नाराजी कळवितो. माशास ह्यांतलें कांहींच साधत नाहीं. त्याची तक्रार त्याच्या रंगांत, त्याच्या जागेंत व त्याच्या भुकेंत लिहिलेली असते, आणि ती वाचणारा एकच मनुष्य ह्या जगांत असतो. तो म्हणजे त्यास घरीं आणणारा. तेवढें वाचण्याची ज्याची तयारी आहे त्याच्या घरीं मत्स्यपेटी अवश्य असावी. ज्याची नाहीं त्यानें त्या फळीवर पितळेचा तांब्या ठेवावा. तोही शोभतो, आणि त्यास सोबती लागत नाहीं.